माहेरचे पहिले दार

मुंबई–हावडा लोहमार्गावरील गोंदिया हे महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सांध्यावरचे व्यापारी शहर आहे. येथील भातगिरण्यांचे आणि धान्य, कापड, किराण्याच्या पेढ्यांचे व्यवहार बालाघाट, राजनांदगाव, रायपूर, नागपूरपर्यंत पसरलेले आहेत, आणि सोयरिकीही त्याच वाटांनी जुळतात. मुलगी राज्याची सीमा ओलांडून सासरी जाते. कधी कधी ती सणवार नसताना, एका पिशवीनिशी परत येते. त्या वेळी तिच्यासाठी दार उघडणारी व्यक्ती पोलीस नसते, वकीलही नसते. ती आई, भाऊ किंवा वहिनी असते. पुढे काय घडणार, हे बऱ्याच अंशी त्या दारातच ठरते.

बहुतेक घरांत पहिला प्रश्न असतो, ‘जावईबापूंना सांगून आलीस ना?’ त्यानंतर समजूत घातली जाते: थोडे सांभाळून घे, धाकटीचे लग्न व्हायचे आहे, समाजात चर्चा नको. बोलणाऱ्यांच्या मनात माया असते, भीतीही असते. ऐकणारीला मात्र एवढेच कळते की या घरात आपले दुःख सांगण्याची सोय नाही.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चारांत एक होते. हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली. ज्यांनी मागितली, त्यांतील बहुसंख्य प्रथम माहेरीच गेल्या. म्हणजे पोलीस ठाण्याच्या आणि न्यायालयाच्या कितीतरी आधी माहेरच्या उंबरठ्यावर या प्रश्नाची पहिली सुनावणी होते.

पुण्यातील मंजुश्री सारडा प्रकरण महाराष्ट्राच्या व्यापारी समाजाने विसरू नये असे आहे. फेब्रुवारी १९८२ मध्ये विवाह झालेली ही तरुणी अवघ्या चार महिन्यांत, जूनमध्ये, विषाने मृत्यू पावली. सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. परंतु पुरावा संशयातीत नाही, आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता केली. न्यायाचा तो निर्णय अंतिम आहे. तथापि त्या खटल्यात महत्त्वाचा पुरावा म्हणून वाचली गेली ती तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे. त्या पत्रांत एका नवविवाहितेचे भय आणि एकटेपण होते. ती बोलली होती, लिहून बोलली होती. तिचे शब्द गांभीर्याने वाचले गेले, ते तिच्या पश्चात.

मारहाण झाली तरच हिंसा, असा समज अजून दृढ आहे. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार श्रावकाला लहानपणापासून शिकवले जातात, त्यांचा अर्थ याहून पुष्कळ व्यापक आहे. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध: बांधून ठेवणे, मारणे, अवयवाला इजा करणे, शक्तीबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. हे दोष गोठ्यातल्या मुक्या जिवाच्या संदर्भात सांगताना कोणी अडखळत नाही. सुनेचा फोन काढून घेणे, तिला माहेरी जाऊ न देणे हा बंध नव्हे काय? आजारपणातही साऱ्या एकत्र कुटुंबाचे काम तिच्या एकटीवर टाकणे हे अतिभारारोपण नव्हे काय? सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या घरात रुसव्याच्या नावाखाली एखादी स्त्री उपाशी झोपत असेल, तर त्या घराच्या आचारात उणीव राहिली आहे.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदाही हिंसेची व्याख्या अशीच विस्तृत करतो. शारीरिक व लैंगिक छळासोबत शाब्दिक-भावनिक छळ आणि आर्थिक कोंडी त्यात येते. व्यापारी घरांनी या शेवटच्या प्रकाराकडे विशेष पाहावे. धंद्यात तंगी आली म्हणून सुनेचे दागिने तिच्या इच्छेविरुद्ध गहाण पडतात. भागीदारीच्या कागदांवर तिची सही घेतली जाते, पण घरखर्चासाठी तिला हात पसरावा लागतो. स्त्रीधन हे तिचेच धन आहे, आणि ते परत देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात.

या हिंसेचे परिणाम अंगावरचे वळ मावळल्यानंतरही उरतात. निद्रानाश, सततची डोकेदुखी, नैराश्य, गर्भारपणातील गुंतागुंत यांचे मूळ अनेकदा तिथे असते. दाराआडून ऐकणारी मुले अभ्यासात मागे पडतात. काही मुलगे तोच स्वभाव उचलतात, काही मुली तेच नशीब समजतात. पुढच्या पिढीच्या वहीत ही बाकी अशी ओढली जाते.

‘तक्रार केली की जावई तुरुंगात, संसार संपला’ ही भीती पुष्कळ अंशी अज्ञानातून येते. २००५ च्या कायद्यातील मुख्य उपाय दिवाणी स्वरूपाचे आहेत: संरक्षण, निवास, निर्वाहखर्च, मुलांचा ताबा, भरपाई. आदेश मोडला, तर मात्र शिक्षा होते. घर सासऱ्यांच्या नावावर असले, तरी सामायिक घरात राहण्याचा सुनेचा हक्क त्यामुळे आपोआप बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

सीमेवरच्या जिल्ह्यासाठी आणखी एक गोष्ट मोलाची आहे. सासर रायपूरला असले, तरी माहेरी आश्रय घेतलेली स्त्री गोंदियाच्या न्यायालयात या कायद्याखाली अर्ज करू शकते. क्रूरतेच्या फौजदारी तक्रारीबाबतही, म्हणजे पूर्वीचे कलम ४९८-अ आणि आताचे भारतीय न्याय संहितेचे कलम ८५, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असाच निर्णय दिला. छळाची मानसिक जखम माहेरीही तिच्यासोबत असते, हे त्यामागचे कारण. स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल नोंदवतात. तातडीच्या मदतीसाठी १८१ व ११२ हे क्रमांक आहेत.

माहेरच्या माणसांना फार मोठे काही करायचे नसते. तिचे बोलणे मध्येच न तोडता ऐकावे. जखम असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून कागद जपावेत. दागिन्यांची यादी, पावत्या, बँकेचे पासबुक तिच्या हाती असावे. परत जायचे की नाही, हे तिने ठरवावे; बैठकीतील वडीलधाऱ्यांनी तिच्या वतीने शब्द देऊ नये. आणि ती गेलीच, तर पुन्हा येता येईल, हे तिला निघताना स्पष्ट सांगावे.

लग्नानंतर मुलीची खोली हळूहळू मालाच्या खोक्यांनी भरून जाते. जागा अपुरी असते, धंदा वाढत असतो. त्यात कोणाचा दोष नाही. पण तिच्यापुरती एक गादी घालता येईल, एवढी जागा तिथे कायम मोकळी असावी आणि ती आहे, हे मुलीला ठाऊक असावे.