विश्लेषण : कोळशाच्या स्मोकरमध्ये मासा करपतो का? ड्रममध्ये कोणते बदल करावेत?

उजनी जलाशयातील मासळीचा बाजार म्हणजे भिगवण. पुणे-सोलापूर महामार्गावरून जाताना येथून चिलापी, रोहू, कटला घरी नेणारे अनेक जण असतात. ही मासळी अंगणात किंवा शेतावर लोखंडी ड्रमच्या स्मोकरमध्ये धुरावर शिजवायची हौस अनेकांना असते. पण मासा बाहेरून करपतो, आतून कच्चा राहतो आणि त्याला कडवट धुराचा वास येतो. यात दोष बहुतेक वेळा कोळशाचा नसतो, तर हवेचा असतो.

हवेचा आणि आचेचा संबंध काय?

शेगडीच्या तोंडाशी वारा घातला की निखारे फुलतात, तोंड झाकले की मंदावतात. स्मोकरचे तत्त्व हेच आहे. झाकणाच्या फटीतून आणि सांध्यांतून हवा शिरत राहिली, तर आच हाताबाहेर जाते. १९५२ मध्ये शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी समुद्रातील तरंगत्या बोयाचा धातूचा गोळा कापून झाकणाची शेगडी बनवली. झाकण आणि हवेची छिद्रे यांमुळे वाऱ्यातही आच ताब्यात राहू लागली.

कोणते बदल करावेत?

- २०० लिटरच्या ड्रमला तळाशी सुमारे २ सेंटिमीटरची तीन-चार छिद्रे पाडावीत आणि त्यांवर सरकती पट्टी बसवावी. झाकणावर धूर जाण्यासाठी एक छिद्र ठेवावे.
- झाकणाच्या कडेला उष्णता सहन करणारी दोरी गॅस्केट लावावी.
- कोळसा जाळीच्या टोपलीत ठेवावा. टोपली आणि मासा ठेवण्याची जाळी यांत सुमारे दोन फूट अंतर असावे.
- मधल्या जागेत पाण्याची स्टीलची परात ठेवावी. थेट आच अडते आणि चरबी निखाऱ्यांवर पडून होणारा काळा धूरही कमी होतो.
- थर्मामीटर झाकणावर नव्हे, तर जाळीच्या पातळीवर बसवावा. दोन्हीकडच्या तापमानात बराच फरक असू शकतो.

आच कशी राखायची?

टोपलीत न पेटलेला कोळसा भरून त्यावर थोडेच निखारे ठेवावेत, म्हणजे तो हळूहळू पेटत जातो. वरचे छिद्र उघडे ठेवून खालच्या छिद्रांनी आच कमी-जास्त करावी. तापमान ११० ते १२५ अंश सेल्सियसच्या आसपास राहिले पाहिजे. आंब्याच्या किंवा बाभळीच्या वाळलेल्या लाकडाचे एक-दोन तुकडे पुरेत. पांढरा दाट धूर निघत असेल तर मासा ठेवू नये. धूर पातळ, निळसर झाला की ठेवावा. माशाच्या सर्वांत जाड भागाचे तापमान ६३ अंश आणि कोंबडीचे ७४ अंश झाल्याशिवाय ते शिजले, असे समजू नये.

धोके कोणते?

रसायन किंवा कीटकनाशकाचा जुना ड्रम कधीही वापरू नये. जस्ताचा मुलामा असलेला पत्राही टाळावा, कारण तापल्यावर त्यातून विषारी वाफ निघू शकते. रंगवलेले लाकूड आणि प्लायवूड जाळू नये. सर्वांत मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला वास नसतो. त्यामुळे खोलीत, बंद गॅरेजमध्ये किंवा तंबूत स्मोकर पेटवू नये आणि विझत आलेले निखारेही आत आणू नयेत.

धुरावरचा मासा किती टिकतो?

सुकट किंवा सुक्या बोंबलासारखा तो कपाटात टिकत नाही. या पद्धतीत मासा शिजतो, पण पुरता वाळत नाही. त्यामुळे उरलेला मासा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन दिवसांत संपवावा. कडक उन्हाळ्यात तर एका तासातच आत ठेवलेला बरा.