जात्यावरील ओव्या : मुद्रित पाठ आणि ध्वनिमुद्रण

साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’पासून ओवीसंग्रहांची परंपरा मराठीत दृढ झाली. तथापि या संग्रहांत बहुधा ओवीचे शब्दच हाती लागतात. जात्यावर गाताना स्त्री ओवीचे चरण पुनःपुन्हा घेते, त्यांचा क्रम बदलते, ‘बाई’, ‘गं’ अशी पदे मध्ये घालते. चालीचे हे अंग छपाईत गळून पडते.

ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी केला. त्यांच्या पुण्याच्या संस्थेने एक लाखाहून अधिक ओव्या गायिका, गाव व विषय यांच्या नोंदींसह जमविल्या. त्यांतील काही भागाचेच ध्वनिमुद्रण बर्नार बेल यांच्या साहाय्याने झाले. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली राधाबाई बोऱ्हाडे यांनी गाइलेल्या डॉ. आंबेडकरांवरील ओव्या या संग्रहात आहेत. लोकस्मृतीत नवा इतिहास कसा रुजतो, याचे ते उत्तम प्रमाण होय. २०१७ पासून ‘पारी’ने हे भांडार लोकांपुढे ठेवण्यास आरंभ केला.

पिठाच्या गिरणीमुळे जाते मागे पडले. यास्तव पालीसारख्या गावी कार्य करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने मुद्रण जात्यावर बसून झाले की जात्यावाचून, हे अवश्य नोंदवावे. कारण जात्याच्या फेऱ्याशी ओवीची लय निगडित असते. गायिका कोण, ओवी तिने कोणाकडून घेतली, साथीस कोण होते, हेही लिहावे. पाठ आणि ध्वनी यांपैकी एकाच्या अभावी दुसऱ्याचा अर्थ अपुरा राहतो.