अँटिबायोटिकचं बिल कुठे फुगतं?

पावसाळ्यात मीरा रोड-भाईंदरच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये टायफॉइडचा पेशंट भरती झाला, की बहुधा सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन सुरू होतं. डिस्चार्जच्या दिवशी बिल पाहून घरचे म्हणतात, ‘अँटिबायोटिक फार महाग पडलं.’ पण बिल ओळीओळीनं वाचा. कुपीची किंमत त्यात किरकोळ असते. तिच्यासोबत सिरिंज, सलाईनची 100 मिलीची बाटली, आयव्ही सेट आणि हाताला लावलेलं इंट्राकॅथ येतं. त्यावर खाटेचं भाडं, नर्सिंग चार्ज, डॉक्टरांची व्हिजिट. इंजेक्शन दिवसातून एकदा असलं, तरी भाडं चोवीस तासांचं लागतं.

म्हणून तुलना दोन औषधांच्या किमतींची न करता पूर्ण कोर्सची करावी. उलट्या थांबल्या, पेशंट जेवू लागला, ताप उताराला लागला, की डॉक्टर बऱ्याचदा इंजेक्शन थांबवून सेफिक्झिम किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या देऊ शकतात. ‘गोळ्यांवर कधी जाता येईल?’ हे रोजच्या राउंडला जरूर विचारा. त्यात संकोच कसला? मात्र टायफॉइडचा ताप योग्य औषधानंही उतरायला चार-पाच दिवस घेतो. तेवढ्यावरून घाबरून महागडं औषध मागू नका.

गोळी म्हणजे दुय्यम उपचार, हा समज फार खोल रुजलाय. हाडा-सांध्यांच्या जंतुसंसर्गावर ब्रिटनमध्ये झालेल्या ‘ओव्हिवा’ चाचणीत, पहिल्या सहा आठवड्यांत गोळ्या इंजेक्शनपेक्षा कमी ठरल्या नाहीत. तिचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूज्वर किंवा सेप्सिसमध्ये मात्र इंजेक्शनला पर्याय नसतो. तिथे गोळ्यांवर जाण्याची घाई जिवावर बेतेल.

घरी आल्यावरचा खर्च दुकानावर ठरतो. रुग्णालयातल्याच मेडिकलमधून औषध घेण्याची सक्ती नाही, असा फलक लावायला राज्याच्या एफडीएनं 2025 मध्ये सांगितलं. त्याच घटकाची गोळी जनऔषधी केंद्रात बऱ्याचदा निम्म्याहून कमी दरात मिळते. भाईंदर पश्चिमेच्या टेंभा रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणी तर 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत.

विम्याचा पेच वेगळा. बहुतेक पॉलिसींना किमान 24 तासांची भरती लागते, म्हणून रोज येऊन इंजेक्शन घेण्यापेक्षा लोक खाट धरून राहतात. पण डिस्चार्जनंतरच्या औषधांचा खर्चही बऱ्याच पॉलिसी ठरावीक दिवस, अनेकदा 60 दिवस, देतात. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर औषधाचं मूळ नाव, डोस आणि उरलेले दिवस लिहून घ्या. चिठ्ठी आणि पक्कं बिल जपून ठेवा.