अनेक डोळे, एक आकृती

कडेगावच्या मोहरमातील गगनचुंबी ताबुतांच्या छायाचित्रात उंची-रुंदी दिसते. प्रत्येक बिंदू किती दूर आहे, हे मात्र कळत नाही. अंतरमापक कॅमेरा नेमके तेच सांगतो. त्याच्या एका प्रकारात वस्तूवर स्पंदित अवरक्त प्रकाश टाकून तो परतण्यास लागणारा वेळ काढतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो.

एका कॅमेऱ्याला एकच बाजू दिसते, म्हणून चहूबाजूंनी अनेक कॅमेरे लावावे लागतात. परंतु एकाचा प्रकाश दुसऱ्यात शिरला, की मापन चुकते. यावर उपाय दोन: कॅमेरे पाळीपाळीने चालवणे किंवा प्रत्येकाची स्पंदनवारंवारता वेगळी ठेवणे. त्यानंतर सर्व मापे जुळवून संगणक त्रिमितीय आकृती साकारतो.

नाशिकचे सुपुत्र डॉ. रमेश रासकर यांच्या एमआयटीतील गटाने २०१३ मध्ये सांकेतिक प्रकाशस्पंदने वापरून पारदर्शक वस्तूंमुळे होणारी मापनातील गल्लतही सोडवून दाखवली.

ताबूत दरवर्षी नव्याने बांधले जातात. त्यांच्या घडणीची अचूक नोंद या तंत्राने ठेवता येईल; मात्र उन्हातील अवरक्त किरण मापन बिघडवतात, तेव्हा ती सूर्यास्तानंतरच घेणे श्रेयस्कर.