बोअरला लागला तो कातळच का?

काल साताऱ्याजवळ एका प्लॉटवर गेलो होतो. दोन ट्रायल बोअर, दोन्हींत १२ फुटांवर कातळ. मालक निर्धास्त.

पण आपला बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्यांनी झिजतो आणि मुरमात मोठाले गोटे उरतात. बोअर गोट्यावर बसला की तोच कातळ वाटतो!

म्हणून आम्ही जिओफोन (जमिनीतली कंपनं टिपणारी उपकरणं) रांगेत रोवून जमिनीवर घण मारतो. मातीतून लहर सेकंदाला काहीशे मीटर जाते, अभंग बेसाल्टमधून ४,०००हून जास्त. पोहोचायच्या वेळेवरून कातळाची खोली कळते, तीही सलग रेषेत.

मात्र कातळाखाली लाल मातीचा मऊ थर असेल, तर तो यात दिसत नाही. त्यासाठी बोअर हवाच. फक्त तो कुठे घ्यायचा, ते आधी तपासून ठरवा.

पाया खणायचा असेल तर त्याआधी विचारा, जरूर सांगेन.