प्राध्यापकांचा उपाशी रविवार

गेल्या वर्षी याच व्याख्यानमालेत एका प्राध्यापकांनी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे काढलेल्या एका वर्षाच्या गमती सांगितल्या. सभागृह दीड तास हसत होते. मीही हसलो, पहिल्या रांगेत होतो म्हणून जरा जास्तच मोठ्याने. पण माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले आहे. मागणीपत्रे नि करार यांखेरीज दुसरे काही फारसे हाती धरले नाही. घरी चालत जाताना ध्यानात आले, की प्राध्यापकांची फजिती जिथे जिथे झाली तिथे तिथे कोणता ना कोणता करार किंवा कायदा वाटेत उभा होता. हे मी चिटणिसांपाशी बोललो आणि पकडला गेलो. "मग लिहूनच द्या," म्हणाले. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. जर्मन येत नाही. जे पुढे मांडतो ते वाचनातून वेचलेले आहे.

पहिली गंमत रविवारची. प्राध्यापक शनिवारी रात्री उशिरा पोचले. सकाळी दूध-तांदूळ आणायला पिशवी घेऊन उतरले, तर सगळा बाजार बंद! कोणी मोठा पुढारी वारला असेल असे त्यांना वाटले. शेवटी रेल्वे स्टेशनवर दुप्पट भावाचा पाव घेऊन तो त्यांनी फलाटावरच उभ्याने खाल्ला. स्टेशनवरची दुकाने प्रवाशांसाठी उघडी असतात, आणि त्या दिवशी प्राध्यापक प्रवाशात जमा झाले.

आता या उपाशी रविवारामागे काय आहे ते पाहू. जर्मनीच्या 1919 च्या राज्यघटनेत रविवार हा कामापासून विश्रांतीचा दिवस म्हणून राखला जाईल असे कलम होते. 1949 च्या घटनेने ते जसेच्या तसे उचलून आपल्यात घेतले. म्हणजे तिथला रविवार दुकानदाराच्या मर्जीवर नाही, घटनेवर उभा आहे. 1956 च्या कायद्याने तर दुकाने रोज संध्याकाळी साडेसहाला आणि शनिवारी दुपारी दोनलाच बंद करायला लावली. पुढे हे बंधन पुष्कळ सैल झाले. 2006 मध्ये दुकानांच्या वेळा ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे गेला आणि हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे तिथे सोमवार ते शनिवार रात्रभर दुकान उघडे ठेवायलाही मुभा मिळाली. रविवार मात्र राहिला. बर्लिनने नाताळापूर्वीचे चारही रविवार दुकानांना मोकळे करून दिले होते. त्याविरुद्ध चर्चवाले न्यायालयात गेले आणि 2009 मध्ये घटना न्यायालयाने ती सवलत घटनेत बसत नाही असा निर्णय दिला. या प्रश्नात तिथे पाद्री आणि युनियनवाले एकाच बाजूला उभे असतात. असा योग आमच्या वाट्याला क्वचितच येतो.

कोणी म्हणेल, आठवड्यातून एक सुट्टी मिळाल्याशी कारण, ती रविवारचीच कशाला? महाराष्ट्रात 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा याच विचाराने केला गेला. दुकान वर्षाचे 365 दिवस उघडे ठेवता येते, प्रत्येक कामगाराला आठवड्याची सुट्टी दिली म्हणजे झाले. कागदावर कोणाचे काही गेले नाही. पण माझ्या ओळखीच्या एका घरात नवऱ्याची सुट्टी मंगळवारी, बायकोची गुरुवारी, नि पोराची शाळा बंद रविवारी. तिघांना सुट्टी आहे आणि तिघे मिळून जेवत नाहीत. 1956 च्या मे दिनाला जर्मन कामगार संघटनांनी एक भित्तिपत्रक काढले होते. त्यात एक लहान मूल सांगते की शनिवारी बाबा माझे आहेत. मागणी होती पाच दिवसांच्या आठवड्याची; पण तासांचा हिशेब त्या पोराच्या तोंडी घातला नाही, यात त्यांची हुशारी.

आपल्याकडचा रविवारही फुकट आलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी तो मागितला, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी तो मान्य केला. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण लोखंड्यांनी पुढे केले होते असे सांगतात. खंडोबाचे नाव निघाले म्हणून सांगतो: हायडेलबर्गच्याच विद्यापीठात गुंथर सोंथायमर नावाचे पंडित होते. ते 1992 साली वारले. महाराष्ट्रातले धनगर आणि जेजुरीचा खंडोबा यांवर त्यांनी आयुष्य घातले. त्यांनी आपल्या खंडोबाची इतकी चौकशी केली, तर आपण त्यांच्या रविवाराची थोडी करायला हरकत नसावी.

दुसरी गंमत थोडक्यात. कचेरीतल्या बाईंपाशी प्राध्यापक संध्याकाळी एक कागद घेऊन गेले. बाईंनी हसून एकच शब्द उच्चारला, "फायरआबेंड," आणि पर्स उचलली. या शब्दात 'सण' आणि 'संध्याकाळ' असे दोन शब्द जोडलेले आहेत. काम सुटल्यानंतरच्या वेळेला तो वापरतात. सभागृहाला बाई उद्धट वाटल्या. मला हेवा वाटला. आमच्याकडे भोंगा झाला की सुटका, एवढेच होते, सण नव्हता.

तिसरी गंमत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्राध्यापकांना ताप आला. आपल्या शिरस्त्याप्रमाणे ते गोळी घेऊन, मफलर गुंडाळून ग्रंथालयात जाऊन बसले. शेजारचे सहकारी घाबरून उठले आणि त्यांनी प्राध्यापकांना जवळजवळ हाकलून डॉक्टरकडे पाठवले. डॉक्टरने घरी बसण्याची चिठ्ठी दिली, पगार पुरा. "शिंक आली की सुट्टी देणारा देश!" असे प्राध्यापक म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

ती चिठ्ठी 114 दिवसांच्या संपातून आलेली आहे. 1956 पर्यंत जर्मनीत कचेरीतला माणूस आजारी पडला तर त्याला सहा आठवडे पुरा पगार मिळे. कारखान्यातल्या कामगाराला पहिले तीन दिवस काहीच नाही. नंतर आजारविम्यातून मजुरीच्या निम्म्याच्या आसपास रक्कम. एकाच गेटातून आत जाणारी दोन माणसे, ताप एकच, हिशेब दोन. 24 ऑक्टोबर 1956 रोजी उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यात धातुकामगारांच्या युनियनने संप पुकारला. जहाजे बांधणाऱ्या गोद्यांतले कामगार आघाडीला होते. ऐन थंडीचे दिवस. चौतीस हजारांहून अधिक माणसे अखेरपर्यंत बाहेर राहिली. दोन तडजोडी पुढे आल्या. दोन्ही कामगारांनी मतदानाने फेटाळल्या. फेब्रुवारी 1957 मध्ये तिसरी आली, तीही निम्म्याहून जास्त मतदारांना नको होती. पण संप पुढे चालवायला तीन-चतुर्थांश मते लागत, तेवढी पडली नाहीत, आणि संप मिटला. पुढे न्यायालयाने युनियनलाच कराराचा भंग केल्याबद्दल दोषी धरले. नेत्यांची त्या रात्रीची झोप कशी असेल हे मी कल्पनेने सांगू शकतो. मात्र 1957 मध्येच कायदा सुधारला, आणि 1 जानेवारी 1970 पासून कामगारालाही आजारपणात सहा आठवडे मालकाकडून पूर्ण पगार मिळू लागला. म्हणजे संप मिटल्यावर जवळजवळ तेरा वर्षांनी!

आपल्या राज्य विमा योजनेत आजारपणाचे पहिले दोन दिवस सामान्यतः कोरडे जातात. नंतर सरासरी रोजाच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत. तेही विम्यात नाव असेल तर. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात एक कंत्राटी पोरगा अंगात ताप घेऊन प्रेसवर उभा राहिला. खाडा झाला तर त्या दिवसाचा रोज जातो, आणि दोन खाडे झाले तर मुकादम दुसरा माणूस आणतो. त्याची दोन बोटे गेली. त्याच्या कामाचा कागद मिळवायलाच आम्हाला सात महिने लागले. ग्रंथालयातली ती चिठ्ठी ऐकताना सगळे हसले, तेव्हा मला तो आठवला.

जर्मनीला मी स्वर्ग ठरवतो आहे असे समजू नये. तिथल्या मोठ्या कत्तलखान्यांत पूर्व युरोपातून आणलेली माणसे कंत्राटदारामार्फत राबत होती, दाटीवाटीने राहत होती. 2020 मध्ये एकाच कारखान्यात शेकड्यांनी कोरोनाचे रुग्ण सापडले तेव्हा देशाला त्यांची ओळख झाली. 2021 पासून मांसधंद्याच्या मुख्य कामात कंत्राटदाराची माणसे लावण्यास कायद्याने बंदी झाली. आणि युनियनच्या कराराखाली आज तिथले निम्म्याच्या आसपासच कामगार उरले आहेत.

व्याख्यान संपल्यावर मी प्राध्यापकांना गाठून विचारले, "आपली खोली झाडायला कोण येई? किती वाजता?" ते थबकले. वर्षभर खोली स्वच्छ असे, पण झाडणारे माणूस त्यांनी एकदाही पाहिले नव्हते. "पत्र लिहून विचारतो," असे म्हणाले. परवा त्यांचा फोन आला. बाई पहाटे पाचला येतात, एका ठेकेदाराकडे आहेत, आणि रविवार त्यांना मिळतो.