कोणते झिओलाइट?

मे 2021 मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांत प्राणवायूची टंचाई असताना, एअर इंडियाच्या विमानांनी रोमहून बंगळूरला झिओलाइट आणले. डीआरडीओच्या तंत्रावर ठिकठिकाणी उभ्या राहणाऱ्या ऑक्सिजन प्रकल्पांसाठी ते हवे होते. महाराष्ट्रातल्या भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही बातमी चक्रावून टाकणारी वाटली असेल. जगभरच्या संग्रहालयांत झिओलाइटच्या नमुन्यांखाली पुणे, नाशिक, जळगाव अशी नावे लिहिलेली असतात. मग ते इटलीतून कशाला आणायचे?

रोमहून आलेले झिओलाइट आणि आपल्या खाणीत सापडणारे झिओलाइट एकाच कुळातले असले तरी त्यांचे काम एक नाही. या कुळनावाचा वापर आपल्याकडे फार सैल होतो आणि त्याची किंमत शेतकऱ्याला, मत्स्यव्यावसायिकाला, कधी रुग्णालाही मोजावी लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

1756 साली स्वीडनच्या अॅक्सेल फ्रेडरिक क्रोन्स्टेटने फुंकनळीच्या ज्योतीत एक खनिज तापवले, तर ते फसफसून फुगले. त्याच्या पोटातले पाणी वाफ होऊन बाहेर पडत होते. म्हणून त्याने ग्रीक शब्दांवरून ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे नाव दिले. या उकळण्याचे कारण कळायला मात्र क्ष-किरणांची वाट पाहावी लागली. 1930 मध्ये लायनस पाउलिंगने नॅट्रोलाइटची रचना मांडली आणि आतला सांगाडा दिसू लागला.

त्या सांगाड्यात मधोमध सिलिकॉनचा किंवा अॅल्युमिनियमचा अणू आणि भोवती ऑक्सिजनचे चार अणू असे चार कोपऱ्यांचे घटक असतात. कोपऱ्याला कोपरा जुळत जाऊन त्यांची त्रिमितीय जाळी होते. जिथे सिलिकॉनऐवजी अॅल्युमिनियम बसतो तिथे जाळीवर एक ऋण भार उरतो. तो फेडायला सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे धन आयन जाळीतल्या बोगद्यांत येऊन राहतात, पाण्याच्या रेणूंच्या सोबतीने. हे आयन पक्के जखडलेले नसतात आणि झिओलाइटचे बरेचसे गुण त्यातूनच येतात. पाणी तापवून घालवता येते व पुन्हा भरता येते. एक आयन काढून दुसरा बसवता येतो. बोगदे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही अरुंद असल्याने कोणता रेणू आत जाईल आणि कोणता बाहेर राहील हेही ठरते. दुष्फेन पाणी सुफेन करताना कॅल्शियम आत घेतला जातो, सोडियम बाहेर येतो; शेवटी मिठाचे पाणी सोडले की झिओलाइट पुन्हा कामाला तयार.

आपल्या काळ्या पाषाणात ही खनिजे आली ती लाव्हारसाबरोबर नव्हे, त्याच्या नंतर. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे थर एकावर एक पसरले. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. खडक निवल्यावर त्यातून झिरपणाऱ्या ऊन पाण्याने बेसॉल्टमधले घटक विरघळवून या पोकळ्यांत आणून ठेवले. त्यांतून स्टिल्बाइटच्या पेंढ्या, ह्यूलँडाइटचे चकचकीत पापुद्रे, स्कोलेसाइटच्या सुया, मॉर्डेनाइटचे कापसासारखे तंतू तयार झाले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले प्रा. आर. एन. सुखेश्वाला यांनी सहकाऱ्यांसह 1974 मध्ये पश्चिम भारतातल्या या खनिजांचा प्रदेशवार आढावा प्रसिद्ध केला. खडी फोडणाऱ्या खाणींतून, विहिरी खणताना, बोगदे काढताना निघालेल्या दगडांवर असा अभ्यास उभा राहतो. सुरुंग लावणाऱ्या कामगाराची नजर त्यात किती मोलाची असते, हे अशा लेखांत क्वचितच नोंदले जाते.

अजिंठ्याच्या पायथ्याशी विकायला मांडलेल्या स्फटिकांना मात्र सरसकट झिओलाइट म्हटले जाते. त्यांतले हिरवट, चौकोनी टोकाचे अॅपोफिलाइट झिओलाइट नाही; त्याची सिलिकेट रचना पदरांची आहे, त्रिमितीय जाळीची नाही. पुण्याजवळच्या वाघोलीचे गर्द निळे कॅव्हन्साइटही नाही. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले, आणि ते स्टिल्बाइटवर बसलेले सापडते एवढाच त्याचा या कुळाशी शेजारसंबंध.

कुळाच्या आतही नावाचा काटेकोरपणा लागतो. आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेने 1997 मध्ये नियम घातला: जाळीची रचना एकच असली, तरी बोगद्यांत कोणता आयन अधिक आहे ते नावापुढे लिहायचे, जसे स्टिल्बाइट-सीए किंवा स्टिल्बाइट-एनए. ह्यूलँडाइट आणि क्लिनोप्टिलोलाइट यांची जाळी एकच. सिलिकॉनचे अॅल्युमिनियमशी प्रमाण चारच्या खाली असले तर पहिले, चार किंवा त्याहून अधिक असले तर दुसरे. हा निव्वळ कागदी भेद वाटेल, पण सिलिकॉन अधिक असलेली जाळी उष्णतेला अधिक टिकते, आणि जगभर पोत्यांनी विकले जाणारे नैसर्गिक झिओलाइट बहुतेक क्लिनोप्टिलोलाइटच असते. ते ज्वालामुखी राखेच्या जाड, सलग थरांत मिळते. आपले झिओलाइट विखुरलेल्या पोकळ्यांत, चार-पाच खनिजांच्या मिश्रणात बसलेले. संग्राहकाला त्यातच आनंद, कारखान्याला त्याचा उपयोग नाही.

उद्योगाने तर दगडाचा नादच सोडला. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट मिल्टन यांनी 1949 च्या सुमारास ए आणि एक्स ही झिओलाइटे प्रयोगशाळेत घडवली. ए जातीने पुढे धुण्याच्या पावडरीत फॉस्फेटची जागा घेतली. एक्स आणि तिच्या जवळच्या वाय जातीने 1960 च्या दशकापासून तेलशुद्धीकरणात जड तेलाचे पेट्रोल करण्याची रीत बदलली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही या शर्यतीत उतरली आणि तिथे घडलेले ‘एन्सिलाइट’ उत्प्रेरक 1980 च्या दशकात वडोदऱ्याच्या आयपीसीएल या पेट्रोरसायन कंपनीत झायलीनसाठी वापरात आले. झिओलाइटच्या शहरात झिओलाइटच घडवले गेले, फक्त ते वाघोलीच्या खाणीतून आले नाही.

ऑक्सिजन प्रकल्पात लागते ते बहुतेक एक्स जातीचे, सोडियम किंवा लिथियम भरलेले. हवा दाबाने त्यातून सोडली की नायट्रोजनचे रेणू या आयनांकडे अधिक ओढले जाऊन अडकतात आणि नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे जातो. दाब उतरवला की नायट्रोजन सुटतो. कॅल्शियमयुक्त स्टिल्बाइटची पूड तिथे भरून चालत नाही.

याच कुळातले एरिओनाइट माणसाच्या जिवावर उठते. तुर्कस्तानात कापादोकियातल्या कारायन, तुझकय या गावांत घरांच्या दगडांत आणि वाटेवरच्या धुळीत त्याचे बारीक तंतू होते. तिथे छातीच्या आवरणाच्या कर्करोगाने, मेसोथेलिओमाने, घरेच्या घरे गेली. 1970 च्या दशकात तुर्की डॉक्टरांनी हे जगापुढे आणले आणि 1987 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने एरिओनाइटला निश्चित कर्करोगजनक ठरवले. म्हणून ‘नैसर्गिक झिओलाइट, संपूर्ण सुरक्षित’ असे लिहून शरीरशुद्धीच्या गोळ्या कुणी विकू लागले, की मला राग येतो. कोणते झिओलाइट, तंतुमय आहे का, हे तिथे लिहिलेले नसते.

कोळंबीच्या तळ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पोत्यांचेही तसेच. अमोनिया शोषून घेते, असा दावा असतो. गोड्या पाण्यात क्लिनोप्टिलोलाइट ते काम खरेच करते. निमखाऱ्या पाण्यात मात्र सोडियम आणि पोटॅशियम इतके असतात की बोगद्यांतल्या जागा तेच अडवतात आणि अमोनियाच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. तळ्यात ओतलेला पैसा तळाशी बसतो. घेणाऱ्याने पोत्यावर खनिजाचे नाव, आयन-विनिमय क्षमता आणि कणांचा आकार एवढे तीन तपशील मागावेत. विक्रेत्याला ते देता आले नाहीत तर पोते परत करावे.